खड्डे रस्त्याचे, झीज गाडीची

पावसाळा ओसरू लागला की मुंबई-पुण्यातील गॅरेजांत एक ठरावीक तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. ‘पुढून कुठून तरी आवाज येतो,’ यापलीकडे मालकाला फारसे काही सांगता येत नाही. कोणाला गतिरोधकावरून उतरताना ‘खट्’ असे ऐकू येते, कोणाला स्टिअरिंग वळवताना ‘करकर’, तर कोणाची गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढ घेते. मिस्त्री गाडीखाली वाकून पाहतो आणि बहुतेक वेळा एकच शब्द उच्चारतो : ‘बुश गेले.’

मुठीत मावेल एवढा रबराचा आणि पोलादाचा हा तुकडा. शहरातील रस्त्यांच्या दुरवस्थेची चर्चा होते ती प्रामुख्याने अपघातांच्या आणि कंत्राटांच्या अंगाने. ती व्हायलाच हवी. पण याच दुरवस्थेची एक किंमत रोज, कोणताही गाजावाजा न होता, वाहनमालकाच्या खिशातून वसूल होत असते आणि तिची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नसते. त्याहून गंभीर बाब म्हणजे झिजलेल्या अवस्थेतील ही गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे का, हे पाहण्याची कोणतीही नियमित व्यवस्था खासगी मोटारींसाठी आपल्याकडे नाही. सारी भिस्त आहे ती मालकाच्या कानावर आणि मिस्त्रीच्या सचोटीवर.

रबराचे काम

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र उभा खांब वरून चाकाला धरून ठेवतो, तर खालून ‘लोअर आर्म’ नावाचा पोलादी हात चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडतो. या हाताच्या चाकाकडील टोकाला बॉल जॉइंट असतो आणि सांगाड्याकडील टोकांना साधारणपणे दोन बुश असतात. बुशची रचना वरकरणी साधी आहे. आत पोलादाची नळी, बाहेर पोलादाचे कवच आणि या दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. चाक वर-खाली होते तेव्हा आर्म हलतो आणि हे रबर पिळले जाते. खड्ड्याचा धक्का प्रवाशांपर्यंत पोहोचण्याआधी त्यातील काही भाग हे रबर गिळून टाकते.

त्याचे दुसरे काम मात्र अधिक महत्त्वाचे आहे. चाक नेमक्या कोनात आणि नेमक्या जागी धरून ठेवण्याची जबाबदारी याच रबरावर असते. ब्रेक लागतो तेव्हा चाक मागे रेटले जाते आणि वेग वाढवताना पुढे ओढले जाते. हा रेटा प्रामुख्याने आर्मच्या मागच्या बुशवर येतो. रबर फाटले की चाक जागचे सरकू लागते, त्याचा कोन बदलतो आणि चालकाने स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी सरळ जात नाही. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजू लागतात. म्हणजे प्रश्न केवळ आवाजाचा राहत नाही, तर गाडीवरील ताब्याचा होतो.

रबर कालांतराने आपोआपही कडक होते आणि त्याला चिरा पडतात. उन्हाळ्यातील उष्णता, इंजिनातून गळणारे तेल आणि पाणी ही त्याची कारणे आहेतच. पण आपल्या शहरांत या नैसर्गिक झिजेला गती देणारे घटक अधिक आहेत. डांबराच्या रस्त्यातील खड्डे, खचलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली किंवा वर आलेली मॅनहोलची झाकणे आणि काँक्रीट व डांबर यांच्या सांध्यावरील पायऱ्या ही त्याची काही उदाहरणे. गतिरोधकांची कथा वेगळी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सहज जावी, हा त्यामागील हिशेब. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसतात ते फूट-दीड फूट रुंदीचे उभट उंचवटे. वेग कमी करण्याऐवजी चाकाला हातोडा मारण्याचेच काम ते करतात.

विसरलेली सवय

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. त्यासाठी गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चढे, मिस्त्री खाली जाई आणि ग्रीस भरता भरता कुठला सांधा सैल झाला आहे, हेही त्याच्या हाताला कळे. पुढे छोट्या मोटारींच्या युगात ग्रीस न लागणारे रबरी बुश आणि बंद बॉल जॉइंट सर्वत्र आले. मालकाची कटकट गेली, हे खरेच. परंतु तिच्याबरोबर गाडीच्या पोटाखाली नियमाने डोकावण्याची सवयही गेली. आजची सर्व्हिसिंग तेल, फिल्टर आणि धुलाई यांच्याभोवती फिरते. बुशची तपासणी कागदावरील यादीत असते, पण मालकाने तक्रार केल्याशिवाय तिच्याकडे गांभीर्याने पाहिले जातेच असे नाही.

आवाजाची भाषा

तक्रार करायची तर आवाज ओळखता आला पाहिजे. गाडीच्या पुढच्या भागातून येणारा प्रत्येक आवाज बुशचाच असतो, असे नाही. निदान चुकले की चांगले भाग बदलले जातात आणि आवाज मात्र कायम राहतो. आवाज कोणत्या प्रसंगी येतो, हे लक्षात ठेवणे हीच निदानाची पहिली पायरी होय.

कमी वेगात, बारीक खाचखळग्यांवरून सरळ जाताना ‘टकटक’ येत असेल, तर संशयाची सुई प्रथम स्टॅबिलायझर बारचे बुश आणि त्याच्या लिंक रॉडकडे जाते. ब्रेक लावताना किंवा गाडी निघताना एकदाच ‘थड’ असा आवाज आला, तर लोअर आर्मचा मागचा बुश पाहावा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘करकर’ होत असेल किंवा स्प्रिंग उसळल्यासारखा ‘टण्’ आवाज येत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरील माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग तपासणे आवश्यक ठरते. कोरड्या रबराची ‘कुईकुई’ पावसात किंवा पाणी मारल्यावर काही काळ थांबते. म्हणूनच अनुभवी मिस्त्री एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारून नेमका दोषी शोधतात.

पूर्ण वळण घेऊन वेग वाढवताना एका लयीत ‘टक-टक-टक’ आले, तर तो दोष ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याचा असतो. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर, जी गाडी एका बाजूला झुकली की बदलते, ती चाकाच्या बेअरिंगची. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये वळवताना कण्हल्यासारखा आवाज येणे हे बहुधा तेल कमी झाल्याचे लक्षण असते, तर किंचाळल्यासारखा आवाज सैल पट्ट्याचा असू शकतो. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगच्या दांड्यातूनच खडखड जाणवते. हा दोष बुशचा नसतो, तर स्टिअरिंग कॉलमचा किंवा रॅकचा असतो.

सर्वाधिक तातडीचा आवाज मात्र निराळा आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवले आणि चाक न वळता ‘कटकट’ ऐकू आली, हाताला पोकळी जाणवली, तर टाय रॉडचे टोक किंवा स्टिअरिंग रॅक सैल झाला असण्याची शक्यता असते. अशी गाडी महामार्गावर नेणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. बुश फाटला तर गाडी भरकटते, पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे टोक निखळले तर चाकावरील ताबाच संपतो.

प्रत्यक्ष तपासणीचे तंत्र साधे आहे. गाडीचा पुढचा भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवल्यास टाय रॉडमधील पोकळी कळते. वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंगची पोकळी कळते. या वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर पोकळी नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा. बुशच्या बाबतीत आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये पहार घालून हलके दाबले जाते आणि रबर कवचापासून सुटले आहे का, ते पाहिले जाते. रबर थोडे हलणारच, ते हलण्यासाठीच असते. थोड्याशा हालचालीवरून ‘बुश गेले’ असा निवाडा देणे, ही या व्यवसायातील नेहमीची चूक आहे. टायर कोणत्या कडेने झिजले आहेत, ते पाहिल्यास निदानाला बळ मिळते.

दुरुस्तीतील घाई

निदानाइतकाच दुरुस्तीचा भागही दुर्लक्षित राहिला आहे. नवा बुश बसवल्यानंतर सहा-आठ महिन्यांत तो पुन्हा फाटल्याच्या तक्रारी येतात आणि दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो. अनेकदा तो दर्जाचाच असतो. परंतु कारण पुष्कळदा बसवण्याच्या पद्धतीतही दडलेले असते.

जुना बुश आर्ममधून काढण्यासाठी आणि नवा बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागते. हातोडीने ठोकून बसवलेल्या बुशचे कवच वाकडे होते आणि रबर पहिल्या दिवसापासून तिरके पिळले जाते. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेला याव्यात, याच्या खुणा असतात. त्या जुळल्या नाहीत, तर बुश नको त्या दिशेने मऊ आणि नको त्या दिशेने कडक राहतो. बसवताना सोपे जावे म्हणून साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले, तर ते रबराला फुगवते आणि कमकुवत करते. त्यासाठी साबणाचे पाणी पुरते.

खरी गोम आहे ती शेवटच्या टप्प्यात. गाडी उचललेली असताना चाके खाली लोंबत असतात आणि आर्मही खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट पूर्ण आवळला, तर आतली नळी त्या झुकलेल्या स्थितीत पक्की होते. गाडी जमिनीवर टेकताच आर्म वर येतो आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. गाडी उभी असतानाही त्याला विश्रांती नसते. मग पहिला पावसाळा काढणेही त्याला जड जाते. म्हणून बोल्ट आधी सैलच लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने आवळणे हा योग्य क्रम आहे. यासाठी रॅम्प लागतो, वेळ लागतो, आणि गर्दीच्या गॅरेजमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी कमी असतात. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले नाही, तर नव्या बुशसह जुना कोन कायम राहतो आणि टायरची झीज थांबत नाही.

सुटा बुश की अख्खा आर्म?

ग्राहकाचा गोंधळ सुरू होतो तो इथे. कंपनीच्या अधिकृत केंद्रात अनेकदा अख्खा लोअर आर्म बदलण्याचा सल्ला दिला जातो. काही गाड्यांसाठी बुश सुटा मिळतच नाही. तो आर्मसह एकच भाग म्हणून विकला जातो. नाक्यावरचा मिस्त्री मात्र पुण्याच्या नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बुश आणून काही शे रुपयांत काम करून देतो. दोन्ही बाजूंना त्यांची कारणे आहेत. बॉल जॉइंटही झिजला असेल किंवा आर्म वाकला असेल, तर अख्खा आर्म बदलणेच शहाणपणाचे असते आणि मजुरीही वाचते. आर्म सुस्थितीत असेल, तर केवळ रबरासाठी पोलाद फेकून देणे हा निव्वळ अपव्यय आहे. ग्राहकाने जुना भाग परत मागावा आणि तो स्वतः पाहावा, एवढा साधा हक्कही क्वचितच बजावला जातो.

सुट्या भागांवरील कंपन्यांच्या पकडीचा प्रश्न जुना आहे. स्वतंत्र गॅरेजांना अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने उपलब्ध करून देत नसल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे हे प्रकरण अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र नाक्यावरच्या मिस्त्रीला बोल्ट किती मापाने आवळायचा, हे सांगणारे कोष्टक मराठीत हाती पडत नाही, तोवर त्यांचा लाभ अर्धाच राहील.

तपासणी कोणाची?

झिजलेल्या सस्पेन्शनची गाडी रस्त्यावर आहे, हे शासनाला कळते कधी? खासगी मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘पंधरा वर्षांनी’ असे आहे. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रथमच गाडीची योग्यता तपासली जाते. मधल्या काळात ठरावीक मुदतीने मिळवावे लागते ते केवळ धुराचे प्रमाणपत्र. धूर मोजणाऱ्या यंत्राला बुश दिसत नाही. याउलट टॅक्सी आणि मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र नियमित मुदतीने नूतन करून घ्यावे लागते.

ब्रिटनच्या बहुतांश भागात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची ‘एमओटी’ तपासणी होते. तीत सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे सांधे पाहिले जातात. त्यात अतिझीज आढळल्यास गाडी नापास ठरते. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. तेथील रस्ते आपल्यापेक्षा सरस आहेत आणि तपासणीही अधिक कडक. आपल्याकडे रस्ते वाईट आणि तपासणी जवळपास नाहीच, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

अर्थात, वार्षिक सक्तीची तपासणी उद्यापासून लागू करणे हा उपाय दिसतो तितका सरळ नाही. तपासणी केंद्रे पुरेशी नसतील, तर ती दलालांचे नवे कुरण ठरण्याचा धोका आहे. यंत्राद्वारे तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. त्यांची संख्या आणि विश्वासार्हता वाढली, तर पाच आणि दहा वर्षांच्या टप्प्यावर खासगी गाड्यांची किमान स्टिअरिंग, ब्रेक व सस्पेन्शन यांपुरती तपासणी करणे अशक्य नाही.

भरपाईचा हिशेब

रस्त्यांची जबाबदारी निश्चित करण्याच्या दिशेने न्यायालयाने मात्र ठोस पाऊल टाकले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १ हजार ८५६ मृत्यू खड्ड्यांशी निगडित होते. चांगले व सुरक्षित रस्ते हा घटनेच्या कलम २१ नुसार जीविताच्या हक्काचा भाग असल्याची भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याची वाटही मोकळी केली.

जिवाची भरपाई प्रथम, हा क्रम योग्यच आहे. पण जीव वाचला आणि गाडीचा आर्म वाकला, तर दाद कोठे मागायची? विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. खड्ड्यात आदळून एकाच घटनेत मोठे नुकसान झाले, तर दावा करता येतो. शेकडो छोट्या धक्क्यांनी फाटलेल्या रबराला कोणतीही तारीख नसते, घटनास्थळ नसते, पंचनामा नसतो. म्हणून त्याला भरपाईही नसते. रस्त्याचा खर्च अशा रीतीने सार्वजनिक अंदाजपत्रकातून निसटून गॅरेजच्या पावतीवर येतो.

मुंबईतील सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची ६ हजार कोटींहून अधिक खर्चाची योजना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. शहरातील सुमारे २,०५० किलोमीटर रस्त्यांपैकी १,२०० किलोमीटरहून अधिक रस्ते तेव्हा काँक्रीटचे झाले होते किंवा होत होते. काँक्रीटला खड्डे कमी पडतात, हे खरे. पण काँक्रीटच्या पट्ट्याला लागून असलेला डांबराचा तुकडा, मधेच उंच राहिलेले झाकण आणि केबलसाठी पुन्हा खोदलेली चारी समतल झाली नाही, तर चाकाला बसणारा धक्का तोच राहतो. रस्त्याचे मोजमाप किलोमीटरमध्ये आणि कोटींमध्ये होते. ते सपाटपणात व्हायला हवे. काम स्वीकारताना सांधे आणि झाकणे यांची पातळी मोजून तिची जाहीर नोंद ठेवली, तर कंत्राटदाराला जाब विचारणे सोपे होईल.

तोपर्यंत मालकाच्या हाती उरतात त्या साध्या गोष्टी. पावसाळ्यानंतर एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहून घ्यावी. आवाज आला की रेडिओचा आवाज वाढवू नये. तो कधी, कोणत्या वेगात, कोणत्या वळणावर येतो, ते टिपून मिस्त्रीला सांगावे. दुरुस्तीनंतर बोल्ट गाडी खाली टेकवून आवळले का, हा एक प्रश्न अवश्य विचारावा. गाडी बोलते तेव्हा ती पुढे होऊ घातलेल्या अपघाताची आगाऊ सूचना देत असते. ती ऐकण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती वारंवार द्यावी लागू नये, ही जबाबदारी रस्ते बांधणाऱ्यांची आणि ती कोणी ऐकलीच नाही तर गाडी थांबवण्याची जबाबदारी शासनाची. यांपैकी पहिली जबाबदारीच आज कशीबशी पार पाडली जात आहे.